आक्का, तुला मारलं ते असं

सोमवार, ४ तारीख

आक्के,

सगळ्यात आधी टपकली ती भोंगा. दुसरं कोण येणार? तिच्या घराची भिंत माझ्या भिंतीला लागून आणि तिचा कान त्या भिंतीला लागून. खाली रस्त्यावर नर्सबाईची गाडी थांबली नाही तोवर ही माझ्या उंबऱ्यावर हजर, मांडीवर निवडायची पालेभाजी, म्हणजे बसायला निमित्त झालं. मग आली नर्सबाई, धापा टाकत, आपल्या पायऱ्यांना नावं ठेवत. आणि तिच्यामागून एक म्हातारा, काखेत छत्री. ऊन रणरणतंय तर उघडत नाही, पायऱ्या चढतोय तर टेकत नाही, नुसती काखेत मारलेली. मी मनातल्या मनात त्याला छत्रीवाला म्हणून टाकलं. आणि तोंड उघडतो तर काय, आपल्या भाषेत! 'आहेस का गं घरात?' असं, आपला बाप हाक मारायचा तसं. मी विरघळलेच. पण लगेच सावरले, कारण मागच्या वेळी तपासणाऱ्यानं माझं काय केलं ते मी विसरलेली नाही.

हे मी शाळेच्या भाषेत लिहिते आहे, कारण आपली भाषा कागदावर कशी बसवायची ते कोणी शिकवलंच नाही. तू चौथीपर्यंत गेलीस, मला दुसरीतून काढलं, तेव्हा चुका काढत बसू नकोस. आणि फोन का नाही केला म्हणशील, तर एक तू बहिरी. दुसरं म्हणजे फोनवरचं भांडण फोन ठेवला की संपतं. कागदावरचं तसं नाही. परत परत वाच आणि परत परत जळ.

तर हे दोघं आपल्या लोकांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तपासत फिरतात. डोकं तपासतात. उवा नव्हेत, आठवण. नर्सबाई म्हणाली, "आजी, आधीच्या तपासणीत तुमच्याकडची निम्मी माणसं विसरभोळी निघाली. मग आमच्या लक्षात आलं की प्रश्नच तुमचे नव्हते. आता नवे प्रश्न केलेत, तुमच्याच डोंगरातल्या जुन्या माणसांबरोबर बसून." मी म्हटलं, बसा. आणि पुढं काही म्हणता येईना गं. चहा ठेवते म्हणायला घरात शेगडी लागते.

तुला कशाला माहीत असेल! त्या घड्याळवाल्या डॉक्टरनं माझ्या डोक्याबद्दल लिहून दिलं, त्या दिवसापासून माझ्या मुलानं शेगडी नेली, सिलिंडर नेला, सुरीसुद्धा नेली. दोन वेळा सून डबा पाठवते. भात गार, वर तिचा उपकार गरम. आणि या महिन्याच्या शेवटी मला म्हाताऱ्यांच्या त्या घरात नेऊन टाकायचं ठरलंय, जिथं खाटांना नंबर असतात. पन्नास वर्षं ज्या घरात मी आल्यागेल्याला चहा पाजला, तिथं आलेल्या पाहुण्यांना भोंगानं तिच्या घरून चहा आणून दिला. पाणी नुसतं, तेही तिच्या कौतुकासकट. माझ्या जिवाचं काय झालं असेल!

छत्रीवाल्यानं बशीत चहा ओतला, फुंकला, आणि पहिलाच प्रश्न काय विचारला? "तुझ्यावर मोठं कोण गं? शब्द कोणाचा घ्यायचा?"

आक्के, घड्याळवाल्यानं हे विचारलंच नव्हतं. यानं पहिलं हेच विचारलं. आपल्यात परक्यापुढं धाकट्यानं मोठ्याच्या आधी तोंड उघडायचं नाही, मोठ्यानं 'बोल' म्हणायचं आणि मग धाकट्यानं बोलायचं, हे त्याला ठाऊक होतं. मोठं माणूस गावाला गेलेलं असेल तर निरोप पाठवून शब्द मागवायचा, हेही ठाऊक होतं. म्हणजे निरोप तुझ्याकडे जाणार. मग तू, तू गं, शब्द देणार. आणि मी दाराकडं डोळे लावून बसणार.

मी म्हटलं, "माझ्यावर कोणी नाही. एक मोठी बहीण होती, ती मेली."

भोंगाच्या हातातली जुडी खाली पडली. आयुष्यात पहिल्यांदा तिला काही कळायच्या आधी मला कळलं होतं. छत्रीवाला हळहळला. "कशानं गेली?"

"तोंड मिटून," मी म्हटलं. "एक दिवस तोंड मिटून बसली, ती मेलीच."

तर अशी मारली तुला. भर दुपारी, तिघांच्या देखत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. अंगावरचं ओझं उतरावं तसं. मग ते म्हणाले, चला आजी, सुरू करूया. आणि मी बोलायला लागले ती थांबेचना.

तुझी धाकटी

शुक्रवार, ८ तारीख

आक्के,

उत्तर नाही तुझं. मेलेली माणसं उत्तर देत नाहीत, तेही बरोबरच आहे.

हे लिहिते आहे आणि बाजूला दूध उतू चाललंय. मुद्दाम जाऊ दिलं. माझी शेगडी, माझं दूध, मी सांडवीन नाहीतर पिईन!

आली शेगडी. नर्सबाईनं मुलाला फोन केला, म्हणाली, तुमच्या आईला काही झालेलं नाही, वयाप्रमाणे थोडंफार विसरतात, तेवढं मीसुद्धा विसरते. बस डेपोतून तसाच आला, हाताला ग्रीस, खांद्यावर शेगडी. मान खाली. नळी जोडली, सिलिंडर लावला, फेस लावून गळती तपासली. मी खाटेवर बसून बघत होते. मग चहा केला. एक कप पाजला, दुसरा पाजला, तिसऱ्याला नको म्हणाला. मी म्हटलं, "पी. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय, नको म्हटलेलं तिला कळत नाही." प्यायला. सुनेसाठी थर्मासमध्ये भरून दिला. तिलाही मिळू दे की घरपोच.

तपासणी कशी झाली ते ऐक. नर्सबाईनं तीन वस्तू दाखवल्या. कंगवा, चमचा, काडेपेटी. माझ्या देखतच खोलीत तीन जागी ठेवल्या आणि म्हणाली, आता या इथं आहेत हे लक्षात ठेवा, नंतर विचारीन. मग गप्पा सुरू झाल्या. माझ्या नातवंडांत थोरलं कोण, कोणाचं लग्न कोणाशी, घरात सकाळचं ऊन कुठून येतं, पाणी जायच्या आत काय काय करून ठेवायचं. रोपवाटिकेतलं विचारलं. मी सांगितलं, आम्ही दोघी बहिणी मातीच्या पिशव्या भरायचो, मी मळायची माती आणि ती मळायची मुकादमाचं डोकं. छत्रीवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. चित्रं दाखवली, त्यातही आपल्या ओळखीची. विहीर, बकरी, शिवणाचं मशीन. मागच्या वेळी त्या घड्याळवाल्यानं कुठल्या कुठल्या देशातली जनावरं दाखवली होती, मी म्हटलं असतं याला काय म्हणतात, पण मी म्हणणार कशी, माझं तोंड बंद होतं.

मग नर्सबाईनं विचारलं, वस्तू कुठं आहेत?

"कंगवा खिडकीत. चमचा उशीखाली. काडेपेटी तुम्ही फळीवर ठेवली होतीत, आता ती तिथं नाही."

"मग कुठं गेली?"

"माझ्या कमरेला."

"अहो आजी, ती तपासणीची आहे!"

"असू दे. माझ्या घरात कधीची काडेपेटी नव्हती."

दिली नाही मी परत. तिनंही मागितली नाही.

आता त्या दिवसाचं सांगते, तुला सोयीनं आठवत नसेल म्हणून. थंडीचे दिवस. आरोग्य केंद्रातली ती हिरवी खोली, भिंतीवर दात घासणाऱ्या पोराचं चित्र. डॉक्टर पोरगेलासा, मनगटावर हे एवढं मोठं घड्याळ. खुर्च्या दोन, एकीवर तू, एकीवर मी, मुलगा दारात उभा. डॉक्टर म्हणाला, आज वार कोणता? मी तुझ्याकडं बघितलं. तो म्हणाला, शंभरातून सात घालवा, परत सात घालवा. मी तुझ्याकडं बघितलं. कागद सरकवला, घड्याळाचं चित्र काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी तुझ्याकडं बघतेच आहे, बघतेच आहे. आणि तू? स्वेटरची बटणं लावत होतीस. लावायचीस, काढायचीस, परत वरपासून लावायचीस. जसं काही मी तिथं नव्हतेच. एक शब्द होता, आक्के! तुला फुकट पडत होता. 'बोल' एवढंच म्हणायचं होतं. म्हणाली नाहीस. मी मुकी बसले आणि त्यानं खाली मान घालून भराभरा लिहून टाकलं.

आणि बाहेर पायरीवर आलो तर वर मलाच विचारतेस, "कोणाकडे आलो होतो गं आपण?" असं गोड तोंड करून! आयुष्यात माझी इतकी थट्टा कोणी केली नव्हती. मुलाला मी पुढं सांगून बघितलं, अरे मला शब्दच नव्हता. तो म्हणतो, कसला शब्द, डॉक्टरला काय असल्या जुन्या गोष्टी सांगायच्या? त्याला आपली भाषा शिव्यांपुरती येते. आणि तू त्याच आठवड्यात लेकीकडे निघून गेलीस. दाराला कुलूप. मला सांगितलंसुद्धा नाहीस.

तर माझी शेगडी मी तुझ्यावाचून मिळवली. तुला मारून मिळवली. हे नीट वाच.

धाकटी

मंगळवार, १२ तारीख

आक्के,

तुझ्या मरणाला काय गर्दी झाली!

भोंगानं गल्लीभर दवंडी पिटली होती. शनिवारपासून बायका यायला लागल्या, मला धीर द्यायला. मी मस्त चहा करत होते. घरात पाय ठेवायला जागा नाही, शेगडी धडधडतेय, मला तर लग्नघर वाटायला लागलं. पण बाई, त्या बोलायला लागल्या आणि माझं डोकं फिरलं. रोपवाटिकेतली ती ठेंगणी म्हणाली, "आक्कानं मला कलम बांधायला शिकवलं." तुला कोणी शिकवलं होतं? मी! दुसरी म्हणते, तिच्या हातचं रोप कधी मेलं नाही. तिसरी म्हणे, माझ्या बाळंतपणात रात्रभर बसली होती. म्हणे देवमाणूस होतं. देवमाणूस म्हणणारीच्या चहात मी साखर घातलीच नाही. जिवंत होतीस तेव्हा यातली एक तुझ्याबद्दल धड बोलत नव्हती. मेलीस आणि भाव वाढला. मारून माझंच नुकसान झालं.

मी रडले का, तर रडले थोडंसं. लोक बघत असतात, बरं दिसत नाही.

आज सकाळी पाच-सहा जणी बसलेल्या आणि भोंगाचा फोन वाजला. तुझी लेक. भोंगाला फोन कानाला लावून ठेवता येत नाही, तिला सगळ्यांना ऐकवायचं असतं. त्यामुळं भाचीचा आवाज भर खोलीत: "अहो, आई जिवंत आहे हो! ठणठणीत जेवलीय आत्ता! मला लोकांचे फोन येतायत, कोणी उठवलं हे?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी कपबशा गोळा करायला लागले. भाची पुढं म्हणाली, "मावशीचं पत्र आलंय. आई ते वाचते आणि पोट धरून हसते, 'धाकटीनं मला मारलं गं' म्हणते. आणि हसून झालं की मला विचारते, कोण मेलं?"

बायका उठून गेल्या. ठेंगणीनं मात्र चहा संपवला आणि मगच गेली.

तू हसलीस हे ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. मी तुला मारते आणि तू हसतेस!

पण खरी गंमत पुढं आहे, आणि ती माझ्यावरच आली. संध्याकाळी मुलगा हजर. "आई, जिवंत बहीण मेली म्हणून सांगतेस आणि लोकांना बोलावून चहा पाजतेस? अजून काय व्हायचं राहिलं?" मी म्हटलं, अरे मी खोटं बोलले. तो म्हणाला, "असं कोण बोलतं? सख्ख्या बहिणीबद्दल?" आणि सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढून खिशात घातला. शेगडी ठेवली, सिलिंडर ठेवला, नुसता रेग्युलेटर नेला. म्हणजे मी बघत बसायचं. त्यानं नर्सबाईला फोन लावला, तर तीही म्हणाली, जिवंत माणूस मेलंय असं वाटणं हे त्या आजाराचं लक्षण असू शकतं, आम्ही परत येऊन बघतो, तोवर शेगडीचं तुमचं तुम्ही बघा.

बघितलंस? आता शहाणी ठरायचं तर मला आधी वाईट ठरावं लागणार. ते मला जमेल. तुझ्याच हाताखाली वाढले.

धाकटी

रविवार, १७ तारीख

आक्के,

काल आले होते. शब्दाचं म्हणशील, तर चारचौघांत मेली म्हटलेली मोठी समोर येईपर्यंत मेलेलीच, तेव्हा माझं तोंड मोकळंच होतं. भोंगा यावेळी दुसरी आली, कारण मुलगा आधीच दारात उभा होता, खिशावर हात ठेवून. रेग्युलेटर त्याच खिशात होता, फुगवटा दिसत होता.

नर्सबाई हसली नाही. समोर बसली. "आजी, बहीण वारली असं तुम्हाला खरंच वाटत होतं का?"

"वाटायला काय झालं? मी ठरवून मारली."

"का पण?"

"सूड."

तिचं पेन तसंच राहिलं. तिच्याजवळच्या कागदावर सुडासाठी चौकटच नसावी. छत्रीवाला पुढं सरकला आणि आपल्या भाषेत म्हणाला, "कसला सूड गं? सांग बघू, पहिल्यापासून."

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं! मी मांडी घातली. ओढ्यावर तू मला ढकललंस आणि बापाला सांगितलंस पाय घसरला, तिथून सुरू केलं. भाऊ सांभाळायला घरी कोणाला ठेवायचं असं विचारल्यावर तू माझ्याकडं बोट दाखवलंस आणि माझी शाळा गेली. तापात माझे केस कापलेस आणि म्हणालीस वाढतील, वाढले ते कुरळे वाढले. माझ्या नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलंस की ही घोरते. रोपवाटिकेत नळी तुझ्या हातात, फावडं माझ्या हातात, म्हणजे मोठे साहेब आले की तू उभी आणि मी वाकलेली. निळी साडी नेलीस ती परत आली तेव्हा तिला पदरच नव्हता. मध्ये नर्सबाईनं मला मुद्दाम अडवलं, मागचं परत विचारलं, उलटसुलट विचारलं. साडी आधी की नळी आधी? ताप कोणत्या ऋतूतला? एक तसूभर सरकले नाही. मुलगा कंटाळून भिंतीला टेकला होता.

मग मी म्हटलं, "आणि हा. हा बोलायला लागला तेव्हा पहिलं 'आई' म्हणाला, ते हिला बघून. मी इथं बसलेली, याच जागी. आणि ती वळून मला म्हणत नाही की अगं तुलाच म्हणाला. उचलून घेतलं आणि नाचवलं त्याला."

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलानं मान वर केली. खिशावरचा हात काढला.

छत्रीवाला म्हणाला, "नर्सबाई, या बाईला विसर पडलाय असं म्हणायची माझी तर हिंमत नाही." नर्सबाई म्हणाली, "काका, राग आठवतो म्हणून सगळं आठवतं असं नसतं. लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी लागेल, यांचं यांनी सांगितलेलं खरं का ते सांगायला. मुलगा चालणार नाही, त्याचं मत झालेलं आहे." आणि मग तिनं सांगितलं की ती तुझ्या लेकीशी बोलली आहे.

तुझी लेक म्हणते, आई घराबाहेर जाते आणि गल्ली विसरते. म्हणते, मला कधी कधी शाळेतली बाई समजते. माझं पत्र रोज नवं आल्यासारखं वाचते. आणि रोज दुपारी फाटकापाशी जाऊन उभी राहते, म्हणते धाकटी तिकडं बसून राहिलीय, तिला शब्द द्यायचा राहिलाय. तुझी लेक तुला तिकडच्या एका मोठ्या डॉक्टरकडे नेणार होती. त्या हिरव्या खोलीसारख्याच कुठल्यातरी खोलीत. नर्सबाईनं थांबवलं. म्हणाली, इकडेच आणा, दोघींना एकत्र बघू. त्या तुमच्या साक्षीदार, तुम्ही त्यांच्या.

मी म्हटलं, नाटक करतेय ती. मला हरवायला काहीही करेल. असं मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांच्या देखत.

आक्के, ती स्वेटरची बटणं. मला हिणवायला नव्हतीस ना गं ती लावत-काढत? तुला तेव्हाच काही सुचेनासं झालं होतं का?

असो. मुलगा रेग्युलेटर घेऊनच गेला. उंबऱ्यापाशी थांबला होता जरा.

धाकटी

गुरुवार, २१ तारीख

आक्के,

हे पत्र भाचीनं तुला रोज सकाळी वाचून दाखवावं. मोठ्यानं, कानाशी. भाची, ऐकते आहेस ना? मधलं काही गाळू नकोस. शिव्या आल्या तरी वाच.

आज छत्रीवाला एकटाच आला होता. नर्सबाईपुढं बोलायचं नव्हतं त्याला. पायरीवर बसला, छत्री मांडीवर. म्हणाला, "बाई, एक विचार केला आहेस का? ती आली की ती मोठी. तिच्यापुढं तू शब्दाशिवाय बोलणार नाहीस. आणि शब्द द्यायचं तिला सुचलं नाही तर?"

मी काय केला नसेन विचार? चार दिवस दुसरं काय करते आहे? नर्सबाई म्हणाली होती, मग बहीण खोलीत असताना तुम्ही बाहेर ओट्यावर बसून हळूच सांगा. गुणी आहे, पण तिला कळत नाही, मोठी आली म्हणजे ओटा काय आणि खोली काय, सारखंच.

छत्रीवाला म्हणाला, "एक वाट आहे. मी आपल्यातला जुना माणूस. मी सांगू शकतो की तिच्याकडून आता मोठेपण निभत नाही. चार माणसांत तसं म्हणायचं आणि ते तुझ्याकडं द्यायचं. मग तू मोकळी. बोल, शेगडी घे, घरात राहा. पण एकदा उतरवलं की परत चढत नाही. उद्या तिला बरं वाटलं, ओळखलंन, तरी ती तुझ्या मागं बसणार."

म्हणजे या वेळी खरंच मारायचं. मागच्या वेळी मी एका वाक्यात मारलं तेव्हा केवढा आनंद झाला होता.

मुलगा त्याच वेळी डबा घेऊन आला. आता स्वतः आणतो. त्यानं ऐकलं सगळं. "मग हो म्हण ना आई," म्हणाला. "मावशीला काय कळणार आहे?"

मी म्हटलं, "तिला नाही कळणार. मला कळेल."

"आणि ती काही बोललीच नाही तर? तू मुकी बसणार? परत?"

"बसणार."

"मग शेगडी?"

"मग ने. सगळंच ने. नंबराच्या खाटेवर नेऊन टाक."

तो माझ्यासमोर खाली टेकला. मग डब्याचं झाकण उघडून देत बसला, मला उघडता येत नसल्यासारखं. मी उघडू दिलं.

छत्रीवाल्याला मी नको म्हटलं. आणि आक्के, हे प्रेमाबिमानं केलं असं समजून मिरवू नकोस. तुझ्यावरचा माझा राग माझा आहे. तो मी कुरळ्या केसांपासून सांभाळलाय, एवढा जपून मी पोरालासुद्धा वाढवलं नसेल. तू मोठी आहेस म्हणून तो राग आहे. तुला खाली उतरवून मी वर बसले तर भांडू कोणाशी? मागं बसलेल्या माणसाशी? तेवढी सुटका मी तुला देणार नाही. तू वरच बसायचंस, मी खाली बसून तुझ्या तोंडाकडं बघणार, आणि तुला बघावं लागणार की मी बघते आहे. सगळा दिवस लागला तरी. पहिली ओळखसुद्धा नाही पटली तरी. माझा सूड तोच.

दोन खुर्च्या भोंगाकडून आणल्यात, तुझ्यासाठी हात असलेली. तिनं विचारलं कशाला, मी सांगितलं नाही, तिला रात्रीची झोप लागणार नाही. तुला येताना डोक्याला काहीतरी बांधायला सांग लेकीला, इकडं ऊन फार आहे आणि पायऱ्या तशाच आहेत. वर येताना कोणी हात दिला तर घे, नेहमीसारखं झटकू नकोस. आणि आलीस, बसलीस, आणि समोर ही कोण म्हातारी बसलीय असं वाटलं, तर घाबरू नकोस. ती मी आहे. माझ्याकडं बघ आणि काय सुचेल ते म्हण. मी थांबलेली आहे.

बुधवारी येतो म्हणालेत दोघं, दुपारची जेवणं झाल्यावर.

धाकटी